माहेरचं कार्ड, सासरचं कार्ड

प्रमिलामावशींवर अन्याय झाला. कधी, तर तीन वर्षांपूर्वी, अनंत चतुर्दशीनंतरच्या दुसऱ्या मंगळवारी, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी. कुठे, तर लालबागमधल्या लहान मुलांच्या एका दवाखान्यात, पहिल्या मजल्यावर, पंचवीस-तीस माणसांसमोर. दुसऱ्याची चूक त्यांच्या नावावर लागली आणि 'मावशींना हल्ली आठवत नाही' हे वाक्य त्या दिवसापासून त्यांना चिकटलं.

पत्रक कसं लिहायचं ते मला कामगार संघटनेत शिकवलं. पहिल्या चार ओळींत कोणावर, कधी, कुठे आणि कोणी केलं हे आलंच पाहिजे. वाचणारा बसथांब्यावर उभा असतो, त्याला वेळ नसतो. वरच्या ओळींत 'कोणी' तेवढं राहिलं.

मी केलं.

तेव्हा मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते. पदवी हवी तर इंटर्नशिप सक्तीची, असा नियम आला होता. मला कामगार संघटनेच्या कचेरीत जायचं होतं. कॉलेजातल्या मॅडम म्हणाल्या, "तिथे तू रोजच जातेस, त्याचे मार्क देता येत नाहीत." मग त्यांनी यादीवर बोट ठेवलं : बालरोगतज्ज्ञ, लालबाग, जुन्या नोंदी संगणकावर चढवणे, तीन महिने. मी तोंड वाकडं केलं. मोर्चे काढणाऱ्या मुलीने पोरांची वजनं टाइप करायची?

आज विचाराल तर सांगते, आयुष्यातले ते तीन महिने मला परत द्या, बाकीचं कॉलेज ठेवून घ्या.

नायगावहून मी चालत जायचे. दवाखाना लालबागच्या पुलापासून जरा आत, एका जुन्या इमारतीत. खाली हारवाला आणि औषधाचं दुकान, लाकडी जिना, वर दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत बाकडी, वजनकाटा, लसींचा फ्रिज आणि कोपऱ्यात मावशींचं टेबल. आतल्या खोलीत डॉक्टर. डॉक्टर साठी उलटलेले, शिवाजी पार्कला राहणारे, शुद्ध मराठी बोलणारे. पोर कितीही लहान असो, त्याला 'अहो' म्हणायचे. "या, बसा. काय त्रास होतोय आपल्याला?" असं विचारलं की दीड वर्षाचा पेशंट रडायचा थांबून त्यांच्याकडे टक लावून बघायचा.

मावशी तिथे डॉक्टरांच्या पहिल्या दिवसापासून. साडीला पिन, नाकावर चष्मा, चष्म्याला दोरी. पेशंटांशी बोलताना सरळ मराठी, मूड आला की मालवणी. पहिल्याच दिवशी मला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाल्या, "खंयची गो तू?"

"नायगावची."

"ता कळला. मूळची खंयची?"

"कणकवलीकडचे आम्ही. पण मी कधी गेले नाही."

"मगे तशी सांग. नायगाव काय गाव आसा?" आणि त्यांनी स्वतःच्या डब्यातली भाकरीची चतकोर माझ्यापुढे सरकवली. नेमणूक झाली.

बाहेरच्या लोकांना वाटतं, मुलांचा दवाखाना म्हणजे डॉक्टर. खोटं. मुलांचा दवाखाना म्हणजे बाहेरची खोली. आत जाईपर्यंत अर्धं निदान बाहेर झालेलं असतं. डॉक्टरांचा पेशंट बोलत नाही, बोलते ती त्याची आई, आणि आई घाबरलेली असते. मग ऐकायचं कोणी? मावशींनी.

त्यांचा एक नियम होता, तो मी पहिल्या आठवड्यात शिकले. एक बाई भोकाड पसरलेलं पोर घेऊन आली. त्या आवाजाने भिंतीवरचं कॅलेंडर हलत होतं. मी घाईघाईने म्हटलं, "मावशी, याला आधी आत घेऊ या का?"

"त्याला काय धाड भरलीय? फुप्फुसं चांगली आहेत." मावशी माझ्याकडे बघतही नव्हत्या. त्या बघत होत्या शेवटच्या बाकड्याकडे. तिथे एक आजी मांडीवर बाळ घेऊन बसली होती. बाळ शांत. फार शहाणं बाळ, असं मला वाटलं होतं. मावशी उठल्या, बाळाच्या टाळूवर हात ठेवला, हनुवटीखाली बोट फिरवलं. "आजी, कधीपासून असा पडून आहे?"

"सकाळपासून त्रास नाय काय. गप आहे बिचारा."

मावशींनी ते बाळ उचललं आणि आतला पेशंट बाहेर यायची वाटही न बघता सरळ दार ढकललं. जुलाब होऊन अंगातलं पाणी गेलेलं होतं. डॉक्टरांनी तिथल्या तिथे मोठ्या हॉस्पिटलला फोन लावला, टॅक्सी मावशींनीच थांबवली. वर आल्यावर घाम पुसत मला म्हणाल्या, "रडणारा पोर थांबता. गप ऱ्हवणारा पोर थांबना नाय. लिहून ठेव."

मी लिहून ठेवलं. पुढे कितीतरी सभांमध्ये, जिथे सगळे ओरडत असतात, मी शेवटच्या रांगेतला गप्प माणूस शोधायला लागले ते यामुळे.

आणि गमती काय कमी होत्या? एक आजी यायच्या, एका नंबरात चार नातवंडं. नंबर एकाचा घ्यायचा, आत गेल्यावर "आता आलोच आहोत तर" म्हणून एकेकाला पुढे ढकलायचं. मावशी दारात हात आडवा घालून म्हणायच्या, "अहो आजी, ही शाळा नाही, रांगेने हजेरी लावायला." आजी म्हणायच्या, "बाई, एकाला झालं की चौघांना होतं. डॉक्टरांनी एकदाच बघितलं की झालं ना." वैद्यकीयदृष्ट्या त्यांचं अगदी चूक नव्हतं.

एक नातू असा की आजोबांनी आधी 'आ' केल्याशिवाय हा तोंड उघडणार नाही. आजोबा गिरणीतले जुने, आवाज खणखणीत. बिचारे दर वेळी खुर्चीत बसून डॉक्टरांना घसा दाखवायचे. एकदा डॉक्टर नातवाचं सोडून त्यांच्याच घशात बघत राहिले. म्हणाले, "अहो, तंबाखू सोडा. डाव्या गालात पांढरं दिसतंय." पोराच्या सर्दीपायी म्हाताऱ्याचा रोग वेळेवर सापडला. नंतर ते पेढे घेऊन आले आणि मावशींना म्हणाले, "आता माझं पण कार्ड काढा." मावशींनी खरंच काढलं. वय वर्षे एकाहत्तर, लहान मुलांच्या दवाखान्यात.

उन्हाळ्यात मसाल्याचे दिवस. आख्खं लालबाग मिरच्या कांडून घेतं. त्या दिवसांतली जुनी कार्डं टाइप करताना मला पानामागून पान खोकला दिसायचा. मी म्हटलं, "साथ होती का मावशी?" त्या हसायला लागल्या. "साथ नाय गो, तिखट." पोर खोकत आलं की आधी विचारायचं, घर मिरच्या कांडायच्या यंत्रांच्या, डंखांच्या बाजूला की लांब. बाजूला असेल तर औषध एकच, पंधरा दिवस आजोळी पाठवा.

आता मुद्द्यावर येते. दोऱ्यांवर.

दवाखान्यात प्रत्येक मुलाचं एक पिवळं, जाड कार्ड. वजन, लस, ताप, औषध, सगळं त्यावर. कार्डं पत्र्याच्या डब्यांत, आडनावाने लावलेली. सोपं वाटतं ना? वाटू दे. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. लालबागची मुलगी वरळीला दिलेली असते, पण बाळ जन्मतं ते आईच्या आईकडे. तीन-चार महिने तिथेच. बारसं व्हायच्या आधीच बाळाला घेऊन आजोबा दवाखान्यात येतात आणि नाव विचारलं की मोठ्या अभिमानाने आपलं आडनाव सांगतात. जावयाचं आडनाव त्यांना त्या क्षणी आठवतही नाही. झालं. एक कार्ड तयार : 'बेबी', आईचं नाव, माहेरचं आडनाव. मग बाळ सासरी जातं, त्याला नाव मिळतं, बापाचं आडनाव मिळतं. सहा महिन्यांनी बाप घेऊन येतो आणि विचारलं तर म्हणतो, "पहिल्यांदाच आलोय." त्याच्या बाजूने खरंही असतं. दुसरं कार्ड तयार. एकच पोर, दोन कार्डं, दोन डब्यांत.

हे मावशींनी फार वर्षांपूर्वी ओळखलं होतं. खालच्या हारवाल्याकडून त्या पांढरा दोरा आणायच्या. दुसरं कार्ड काढताना आईचा चेहरा बघायच्या, आईचं माहेर आठवायच्या, पहिलं कार्ड शोधायच्या आणि दोन्ही कार्डांना भोक पाडून एकत्र बांधायच्या. माहेरचं वर, सासरचं खाली. आणि एखादं औषध पोराला सोसलं नसेल तर वरच्या कोपऱ्यात लाल शाईचा टिकलीएवढा ठिपका. डॉक्टर कार्ड हातात घेतल्यावर आधी तो कोपरा बघायचे. ही पद्धत कुठल्या पुस्तकात नाही. ती एका बाईने, एका डब्यासमोर बसून, स्वतःच्या डोक्याने काढली.

मला त्यांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, "तन्वे, काय वाट्टेल ता कर. ह्या दोऱ्याक हात लावूचो नाय."

मी म्हटलं, "नाही लावणार."

संगणकाची अडचण अशी की त्याला नाव, वडिलांचं नाव, आडनाव एवढंच कळायचं. माहेर नावाचा रकाना नव्हता. दोन कार्डं बांधलेली असतील तर स्कॅनर अडकायचा. पहिले दोन महिने मी बांधलेल्या जोड्या बाजूला ठेवत गेले. शेवटी त्यांचा एक गठ्ठा साठला आणि माझे दिवस संपत आले. एका शनिवारी, मावशी नातवाच्या शाळेत गेल्या होत्या, तेव्हा मी तो गठ्ठा घेऊन बसले. एकोणीस जोड्या होत्या. एकोणीस गाठी सोडल्या. कार्डं आडनावाप्रमाणे लावून घेतली, म्हणजे स्कॅनरचं काम भराभर होईल, आणि सगळी स्कॅन केली. मग परत बांधायला बसले; जोडी बांधली की तिची दोन्ही कार्डं संगणकातही एका नोंदीत टाकत होते. बांधायचंच होतं मला, हे खोटं नाही.

संघटनेतून फोन आला. पाच वाजता पत्रकं वाटायला माणसं कमी आहेत, ये. पत्रकाचा विषय आठवत नाही असं लिहिलं असतं तर बरं दिसलं असतं. आठवतो. घरकाम करणाऱ्या बायकांना ओळखपत्रं मिळालीच पाहिजेत. मी उरलेल्या गाठी घाईत मारल्या, कार्डं डब्यांत सारली आणि जिना उतरले.

अठरा जोड्या बांधल्या होत्या. एकोणिसावी राहिली. माहेरचं कार्ड एका डब्यात गेलं, सासरचं दुसऱ्या. माहेरच्या कार्डावर लाल ठिपका होता. आमचा स्कॅनर काळं-पांढरंच काढायचा. त्याला लाल कळत नव्हतं. पडद्यावर तो ठिपका शाईचा डाग दिसत होता.

सोमवारी मावशींनी विचारलं, "दोरे तसेच आसत मां?"

मी म्हटलं, "हो."

एक अक्षर. मला वाटलं, बांधलेत ना परत, मग तसेच.

त्या दिवसापासून डॉक्टर पडद्यावर बघायला लागले. डबे कपाटात गेले. मावशींना ते आवडलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, "अहो मावशी, आता तुम्हाला वाकायला नको, शोधायला नको. मुलीने सगळं आत भरलंय."

मंगळवार. सव्वादहाच्या सुमाराला एक तरुण बाप तीन वर्षांच्या मुलाला घेऊन आला. कानात दुखत होतं. आई कामावर गेली होती. डॉक्टरांनी विचारलं, "कुठल्या औषधाची ॲलर्जी वगैरे?" बाप म्हणाला, "नाही बहुतेक." डॉक्टरांनी पडद्याकडे बघितलं. तिथे सासरचं कार्ड, स्वच्छ. त्यांनी अमॉक्सिसिलिन लिहून दिलं. बापाने खालच्या दुकानातून औषध घेतलं, पहिला चमचा तिथेच पायरीवर पाजला आणि जवळच सासुरवाडी होती तिकडे मुलाला घेऊन गेला. चार महिन्यांचं असताना ह्याच औषधाने ओठ सुजलेलं तेच हे बाळ. त्याच्या आजीला ते आठवलं, पण चमचा पोटात गेल्यावर.

अकराला जिन्यावर धावण्याचा आवाज आला. मुलाच्या पापण्या मिटल्या होत्या, इतक्या सुजलेल्या. अंगभर गांधी. श्वासाला शिट्टी. मावशींनी त्याला बापाच्या हातातून घेतलं, आत नेलं, डॉक्टरांनी मांडीत इंजेक्शन दिलं. पुढची काही मिनिटं दवाखान्यात कोणी हललं नाही. मग आतून ते पोर रडलं. मोठ्याने, संतापून. बाहेरच्या बायकांनी हात जोडले. मुलगा वाचला, हॉस्पिटलात एक दिवस राहिला, आज शाळेत जातो. हे आधीच सांगते, कारण पुढचं नीट वाचलं जावं.

अकरा वीसला बाप बाहेर आला. "कोणाची चूक? मला नाव पाहिजे!"

त्याची सासू मागून आली होती. तिने सांगितलं, बाळपणी ह्याच दवाखान्यात हे झालं होतं, लिहूनही घेतलं होतं. डॉक्टर दारात आले. त्यांनी विचारलं, "मावशी, याची दोन कार्डं होती का? बांधली नव्हती?"

मावशींनी कपाट उघडलं. डबा काढला. सासरचं कार्ड मिळालं, सुटं. दुसरा डबा काढला. माहेरचं कार्ड मिळालं, सुटं, कोपऱ्यात लाल ठिपका. दोन कार्डं दोन हातांत घेऊन त्या उभ्या राहिल्या. मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर, संगणकासमोर. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. का बघतील? त्यांनी विचारलं तेव्हा मी 'हो' म्हटलं होतं. त्यांचा माझ्यावर विश्वास होता, म्हणून संशय त्यांनी स्वतःवर घेतला.

"बांधूक नाय मी," त्या हळू म्हणाल्या. मग सगळ्यांना कळावं म्हणून सरळ मराठीत, "माझ्याकडून राहिलं."

मी बोलायला हवं होतं. त्याच सेकंदाला. ज्या मुलीने गेटवर उभं राहून कंत्राटदाराच्या तोंडावर घोषणा दिल्या होत्या, तिच्या तोंडातून शब्द निघाला नाही. तीस डोकी, ओरडणारा बाप, आणि पुढच्या आठवड्यात सही व्हायचं असलेलं सर्टिफिकेट. मी पडद्याकडे बघत बसले.

त्या दिवशी दुपारी मेसेज फिरला. बापाने आपल्या इमारतीच्या ग्रुपवर लिहिलं होतं : दवाखान्यातल्या वयस्कर बाईंना आता काही आठवत नाही, मुलाच्या जिवावर बेतलं, सगळ्या पालकांनी काळजी घ्यावी. त्याला मी दोष देत नाही, त्याचं पोर काळंनिळं होताना त्याने बघितलं होतं. पण पुढे पाठवणारे कोण होते? लालबागहून परळ, परळहून वरळी, तिथून माटुंगा. मला माझ्याच मामीकडून आला. खाली हात जोडल्याची खूण.

दुसऱ्या दिवसापासून पालक टेबलाशी येऊन म्हणायला लागले, "मावशी, नीट बघा हं." काही चांगुलपणाने म्हणायचे, ते जास्त वाईट. ज्या बाईला पोर जिन्यावर दिसलं की नाव माहीत असायचं, ती चष्मा पुसून विचारायला लागली, "तू कोणाचा रे?" एकच कार्ड तीनदा बघायच्या. एकदा फ्रिजचं दार लावलंय का हे बघायला बसल्या जागेवरून चार वेळा उठल्या. डॉक्टर म्हणाले, "मावशी, थोडे दिवस आराम करा." त्यांनी कामावरून काढलं नाही, हे त्यांच्या बाजूने लिहिते. पण थांबवलंही नाही. दिवाळीच्या आधी मावशींनी आपणहून टेबलाची चावी ठेवली.

माझ्या सर्टिफिकेटवर डॉक्टरांनी लिहिलं, 'प्रामाणिक आणि कष्टाळू.' ते अजून फाइलमध्ये आहे. कुठे दाखवलं नाही.

वर्षभर मी स्वतःला समजावलं. त्यांचं वय झालंच होतं. आराम मिळाला. मग एका सभेत मी 'जबाबदारी निश्चित करा' असं माइकवर ओरडले आणि खाली उतरून सरळ डॉक्टरांकडे गेले. सगळं सांगितलं. त्यांनी टेबलावरचा स्टेथोस्कोप गुंडाळून ठेवला. मग म्हणाले, "तू मुलाच्या आयुष्याशी खेळलीस, ते घाईत. हे मी समजू शकतो. मावशींच्या आयुष्याशी खेळलीस ते बसून, विचार करून." नंतर म्हणाले, "आणि मी? पस्तीस वर्षं बाजूला बसलेल्या बाईची नजर सोडून मी त्या पडद्याकडे बघितलं. माझंही लिही कधी लिहिशील तेव्हा." लिहिलं.

मावशी परळला राहतात. चाळ पाडून टॉवर झाला, त्यात वरच्या मजल्यावर घर मिळालं. दार उघडल्यावर मला बघून खूश झाल्या, आत नेलं. स्वयंपाकघरात ओट्यावर चिठ्ठी, 'गॅस बंद'. दारामागे चिठ्ठी, 'चावी उजव्या खणात'. देवाजवळ चिठ्ठी, 'दिवा लावला'. अक्षर तेच, कार्डावरचं.

मी सांगितलं. शनिवार, एकोणीस जोड्या, अठरा गाठी, माझं 'हो'. रडायचं नाही असं ठरवून गेले होते, तेवढं जमलं.

त्या ऐकत राहिल्या. मग माझ्या गालावर हात ठेवला. "बाय माझे. माका बरा वाटांदे म्हणान सांगतंस मां?"

"नाही मावशी. खरंच मी सोडले होते."

"गुणाची तू. पण माका म्हायत आसा. माजाच डोक्या गेला."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरही त्यांना सांगायला गेले. त्यांनाही तेच. "डॉक्टर पण माझी समजूत काढतात," असं स्वतःच्या मुलाला म्हणाल्या. मुलगा मला फोनवर म्हणाला, "आता राहू द्या ना. तिला त्रास होतो."

मी राहू दिलं नाही. महिन्यातून एकदा जाते. एकदा विचारलं, "मावशी, तो आजोबांना आधी 'आ' करायला लावणारा, त्याचं नाव काय?" त्यांनी पटकन नाव सांगितलं, आडनाव सांगितलं, आईचं माहेर सांगितलं, कितवी लस राहिली होती ते सांगितलं. सगळं बरोबर. मी म्हटलं, "बघा!" त्या थांबल्या. डोळ्यांत आलेलं तेज तसंच विझलं. "असा वाटता खरा. पण माज्या वाटण्याक काय अर्थ आसा आता?"

मी केलेला अन्याय हा आहे. नोकरी गेली ते लहान. एका बाईचा स्वतःच्या आठवणीवरचा विश्वास मी काढून घेतला, आणि माझ्या एकटीच्या कबुलीने तो परत येत नाही. कारण तो माझ्या एकटीमुळे गेलेलाच नाही. तो तुमच्यामुळेही गेला.

हो, तुमच्यामुळे. हे ज्यात छापलंय तो अंक लालबाग-परळमध्ये घरोघरी जातो, मला माहीत आहे कोण वाचतंय. तो मेसेज तुम्ही पुढे पाठवला होता. नसेल पाठवला तर वाचून मान हलवली होती.

तर माझी मागणी. आजच्या आज त्याच ग्रुपवर, त्याच माणसांना लिहा : मावशी विसरल्या नव्हत्या, गाठ इंटर्नशिपच्या मुलीने सोडली होती. माझं नाव घाला, तन्वी, नायगाव. आणि मग या दिवाळीत आपलं पोर घेऊन परळला जा. पत्ता दवाखान्यात मिळेल, डॉक्टर देणार आहेत. पोराला मिसरूड फुटलं असलं तरी न्या, लग्न झालं असलं तरी न्या. दारात उभं करा, नाव सांगू नका. मावशींना बघू द्या. त्या चष्मा पुसतील, वेळ घेतील, आईचं माहेर आठवतील. मग जे म्हणतील ते बरोबर असेल तर दिवाळीच्या शुभेच्छा देत बसू नका. त्यांच्या तोंडावर, मोठ्याने, पोराकडून वदवून घ्या : "बरोबर, मावशी."